खाडीतून बोटीनं फिरायचंय? मग अंतर नाही, आधी पाण्याची वेळ बघा

मी धुळ्याच्या देवपूरमध्ये राहतो. आपल्याकडे सहल ठरवायची म्हणजे काय करायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. मॅप उघडायचा, ठिकाण टाकायचं, किलोमीटर बघायचे, की झाला प्लॅन. रस्त्यासाठी हे चालतं. पण यंदा आमच्या ग्रुपमध्ये एकानं विचारलं, "काय भो, कोकणात खाडीतून बोटीनं फिरू ना, समुद्रात कशाला जायचं? खाडी सेफ असते." तेव्हा मी फोन घेऊन बसलो आणि हा सगळा विषय नीट समजून घेतला. तोच आज तुमच्यासाठी सोपा करून लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खाडी तुम्हाला लाटांपासून वाचवते, पाण्याच्या ओढीपासून नाही. म्हणून खाडीतली सहल किलोमीटरवर नाही, घड्याळावर ठरते.

आडोशाचं पाणी म्हणजे नेमकं काय?

नकाणे तलावावर जोराचा वारा सुटला तरी माणसाएवढ्या लाटा उठत नाहीत. का? कारण लाट मोठी व्हायला वाऱ्याला पाण्यावरून लांबवर धावावं लागतं. तलावात तेवढी जागाच नसते. समुद्रात शेकडो किलोमीटर मोकळं पाणी असतं, म्हणून तिथे लाट वाढत जाते. खाडीत दोन्ही बाजूंना जमीन असते, त्यामुळे लाट लहान राहते. याला आपण आडोशाचं पाणी म्हणू.

इथपर्यंत खाडी आणि तलाव सारखेच. पुढे मात्र आपला खान्देशी अंदाज चुकतो. आपण पाहिलेलं पाणी म्हणजे तलाव, धरण आणि नदी. पांझरा देवपूरपासून खाली मुडावदला तापीला मिळते, तापी सुरतेच्या पुढे समुद्राला. सगळं एकाच दिशेनं. खाडी दिसते नदीसारखी, पण तिचं पाणी सुमारे सहा तास आत येतं आणि सुमारे सहा तास बाहेर जातं. म्हणजे दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलते.

जगातलं एक उदाहरण बघा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून अलास्कापर्यंत बेटांच्या आडून जाणारा एक जलमार्ग आहे, त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात. मोकळ्या प्रशांत महासागरापेक्षा तो कितीतरी शांत. पण त्याच वाटेवर सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी जागा आहे. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरपर्यंत जातो. तिथल्या पाण्याखालच्या खडकानं इतक्या बोटी बुडवल्या की ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंग लावून उडवावा लागला. आजही तिथून जाणारे लोक पाणी थांबायची वेळ बघूनच निघतात. आपल्या खाड्यांत एवढा वेग नसतो, पण नियम तोच.

उत्तरेकडचे असे मार्ग कोणते?

मुंबई आणि तिच्या उत्तरेला आडोशाचे तीन सोपे मार्ग आहेत, जिथे प्रवासी बोट किंवा रो-रो मिळते.

१. मुंबई बंदर: गेटवे किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, रेवस, एलिफंटा. मुंबईची जमीन पश्चिमेचा वारा अडवते. भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या नेणारी रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली.

२. वसईची खाडी: वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये. उल्हास नदी इथेच समुद्राला मिळते. फेब्रुवारी २०२४ पासून इथेही रो-रो आहे. खाडीच्या मधोमध पाणजू बेट आहे आणि त्याच्यावरून रेल्वेचे पूल जातात.

३. वैतरणेची खाडी: त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी वैतरणा विरार आणि सफाळे यांच्यामधून समुद्राला मिळते. एप्रिल २०२५ मध्ये मारंबळपाडा ते खारवाडेश्री रो-रो सुरू झाली. रस्त्यानं साधारण ६० किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून जेमतेम दीड किलोमीटर.

देवपूरहून मुंबई साधारण सव्वातीनशे किलोमीटर. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालं की सकाळी धक्क्यावर. म्हणजे दोन दिवसांची सहल सहज बसते. प्रश्न फक्त एवढाच, की कोणते दोन दिवस?

पायरी १: भरती-ओहोटीची वेळ काढा

यासाठी भरपूर ॲप आहेत. कोणतंही घ्या, पण त्यात जवळचं ठिकाण निवडलंय का ते आधी बघा. मुंबईची आकडेवारी बहुतेक वेळा अपोलो बंदराची, म्हणजे गेटवेजवळची असते. खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोहोचते, हे लक्षात ठेवा.

ॲप बरोबर सांगतंय का, हे तपासायची एक देशी युक्ती आहे. मुंबईच्या किनाऱ्यासाठी जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. तिथीच्या आकड्याला ३ नं गुणा, ४ नं भागा, भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर ४ × ३ ÷ ४ = ३. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा फक्त अंदाज आहे, तासाभर इकडेतिकडे होतो. पण ॲप चतुर्थीला सकाळी दहाची भरती दाखवत असेल, तर तुम्ही चुकीचं ठिकाण किंवा चुकीची तारीख निवडली आहे, एवढं नक्की कळतं. घरातलं कॅलेंडर असं कामाला येतं!

दुसरी गोष्ट, भरती किती मोठी? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास फरक कमी असतो, त्याला भांगाची भरती म्हणतात. अपोलो बंदराचे सरासरी आकडे बघा:

- उधाण: ओहोटी ०.७६ मीटर, भरती ४.४२ मीटर. फरक ३.६६ मीटर.
- भांग: ओहोटी १.८६ मीटर, भरती ३.३० मीटर. फरक १.४४ मीटर.

म्हणजे उधाणात एक मजला भरेल एवढं पाणी सहा तासांत खाडीत येतं आणि पुढच्या सहा तासांत निघून जातं. ते जाणार कुठून? त्याच तोंडातून. म्हणून उधाणात प्रवाह जोरात असतो. नवखे असाल तर अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार निवडा.

पायरी २: पाणी किती खोल असेल?

मॅपवर सगळीकडे एकच निळा रंग असतो. त्यात वीस मीटर खोल पाणीही निळं आणि ओहोटीला उघडा पडणारा गाळही निळा. खोलीसाठी सागरी नकाशा लागतो. भारतात असे अधिकृत नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करतं. बोटिंगच्या ॲपमध्येही खोलीचे आकडे दिसतात. पण खाडीतला गाळ पावसाळ्यानंतर जागा बदलतो, म्हणून ॲपमधला आकडा जुना असू शकतो.

हिशोब सोपा आहे. नकाशातली खोली + त्या वेळची भरतीची उंची = खरी खोली.

समजा जेट्टीजवळ नकाशात ०.५ मीटर लिहिलंय. बोट पाण्याखाली १.२ मीटर बुडते आणि खाली अर्धा मीटर तरी मोकळा हवा. म्हणजे १.७ मीटर पाणी पाहिजे. १.७ वजा ०.५ = १.२. याचा अर्थ भरतीची उंची १.२ मीटरपेक्षा जास्त असेल तेव्हाच बोट तिथे लागेल. उधाणाच्या ओहोटीला ०.७६ मीटर असताना ती बाहेरच थांबेल. भांगाला मात्र दिवसभर लागेल.

आता मधल्या वेळचं पाणी कसं काढायचं? बारा भागांचा नियम वापरा. पाणी सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात १ भाग, मग २, ३, ३, २ आणि शेवटी १. एकूण १२. उधाणाचा फरक ३.६६ मीटर, म्हणजे एक भाग साधारण ३० सेंटिमीटर. मधल्या दोन तासांत सहा भाग, म्हणजे जवळपास १.८ मीटर. माणूसभर पाणी दोन तासांत! सेल्फी काढायला गाळाच्या दांड्यावर उतरलेली मुलं इथेच फसतात. पाणी समोरून येतंय असं वाटतं, पण मागची वाट आधीच भरलेली असते.

उलट, उतरत्या पाण्यात बोट रुतली तर काही तास तिथेच. उधाणाच्या ऐन भरतीला रुतली तर आणखी वाईट, कारण पुढची भरती कमी उंचीची असू शकते. आणि खाडीच्या गाळात उतरून चालत किनारा गाठायचा विचारसुद्धा करू नका. पाय मांडीपर्यंत जातो.

पुलांचं गणित याच्या उलटं चालतं. भरतीला पाणी वर आलं की पुलाखालची जागा तेवढीच कमी होते. उंच टप असलेल्या बोटीसाठी हेही विचारून घ्या.

पायरी ३: प्रवाह तुमच्या बाजूनं आहे का?

एक कल्पित टप्पा घेऊ, १५ किलोमीटरचा. पाण्यावर अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. १५ किलोमीटर म्हणजे साधारण ८ सागरी मैल. बोटीचा वेग ६ नॉट आणि प्रवाह २ नॉट धरा.

- पाणी थांबलेलं: ८ ÷ ६, म्हणजे १ तास २० मिनिटं.
- प्रवाहासोबत: ८ ÷ ८, म्हणजे १ तास.
- प्रवाहाविरुद्ध: ८ ÷ ४, म्हणजे २ तास.

बोट तीच, अंतर तेच, वेळ मात्र दुप्पट. डिझेलही त्याच हिशोबानं. संध्याकाळी परत येताना हा फरक म्हणजे उजेडात पोहोचणं आणि अंधारात पोहोचणं यातला फरक.

पायरी ४: वारा आणि पाणी समोरासमोर येतात का?

विंडीसारख्या ॲपमध्ये रंगीत वारा बघायला भारी वाटतो. पण तो कुठून येतो? युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेल जगाचे साधारण ९ किलोमीटरचे चौकोन करून हिशोब करतं, अमेरिकेचं जीएफएस साधारण १३ किलोमीटरचे. तुमची खाडी एखाद-दोन किलोमीटर रुंद. म्हणजे मॉडेलला ती नीट दिसतच नाही. म्हणून ॲपवरून मोठं चित्र घ्या, खाडीतला कोपरा न् कोपरा नाही. समुद्रातल्या लाटा आणि इशाऱ्यांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा अंदाज आणि हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल, तर आपला विषय तिथेच संपला.

हिवाळा संपल्यापासून पावसाळ्यापर्यंत किनाऱ्यावर एक ठरलेला प्रकार घडतो. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो. आता पायरी १ मधली माहिती इथे जोडा.

पौर्णिमेच्या शनिवारी मुंबईजवळ भरती दुपारी बाराच्या सुमारास. म्हणजे बारानंतर पाणी बाहेर निघणार आणि दोन-तीन वाजता वारा आत येणार. खाडीच्या तोंडाशी दोघे समोरासमोर. वाऱ्याविरुद्ध पाणी वाहिलं की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि गाळाच्या उथळ दांड्यावर फुटतात. सकाळी आरशासारखं असलेलं तोंड तीन वाजता उसळत असतं.

अष्टमीच्या शनिवारी उलट. ओहोटी बाराच्या सुमारास, मग संध्याकाळपर्यंत पाणी आत येतं. वाराही आत, पाणीही आत. प्रवाहही कमी. तोंडाकडून आत जायला हीच दुपार चांगली.

बघा, एकच खाडी, एकच बोट, फक्त आठवडा बदलला आणि सहल बदलली. हे मॅपवर कुठेही लिहिलेलं नसतं.

पायरी ५: फोनला पाण्यासाठी तयार करा

- जीपीएसला नेटवर्क लागत नाही. फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो. नेट लागतं ते नकाशा उतरवायला. म्हणून घरच्या वायफायवर ऑफलाइन मॅप घेऊन ठेवा आणि फ्लाइट मोडमध्ये एकदा चालवून बघा.
- बोटीचं नाक एकीकडे आणि बोट जाते दुसरीकडे, असं प्रवाहात होतं. फोनचा होकायंत्र नाकाची दिशा दाखवतो, तोही इंजिनच्या लोखंडाजवळ बिघडतो. जीपीएसची रेघ खरी वाट दाखवते. विश्वास रेघेवर ठेवा.
- जागा सांगायला अक्षांश-रेखांश वापरा. मॅपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की आकडे येतात. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर, म्हणून चौथ्या दशांशापर्यंत सांगितलं तर ११ मीटरपर्यंत जागा कळते.
- १५५४ हा तटरक्षक दलाचा आणि १०९३ सागरी पोलिसांचा नंबर सेव्ह करा. ११२ तर आहेच.
- ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही आणि उन्हात ब्राइटनेस बॅटरी खातो. वॉटरप्रूफ पाउच आणि पॉवर बँक घ्या.
- जहाजं दाखवणाऱ्या ॲपवर टक्कर टाळायची जबाबदारी टाकू नका. माहिती उशिरा येते आणि छोट्या बोटी त्यात बऱ्याचदा नसतातच.

किनाऱ्यापासून लांब मोबाईलची रेंज संपते. तिथल्या मच्छीमारांसाठी २०१९ मध्ये जेमिनी नावाचं यंत्र आणलं गेलं. ते उपग्रहाकडून वादळाचा इशारा घेतं आणि ब्लूटूथनं फोनवर पाठवतं. पण ते एकतर्फी आहे, त्यातून मदत मागता येत नाही. म्हणून संकटासाठी बोटीवर व्हीएचएफ रेडिओ लागतो, त्याचं १६ नंबरचं चॅनल. बोटवाल्या काकांना सरळ विचारा, "काका, रेडिओ आहे ना?"

बोटीत पाय ठेवण्याआधी

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. वादळ नव्हतं, दिवस होता आणि पाणी आडोशाचं होतं. म्हणून ही यादी फोनमध्ये पिन करून ठेवा:

१. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. बक्कल लावलेलं. फोटोसाठी काढायचं नाही. पोहता येणाऱ्यांनीही घालायचं.

२. बोटीवर प्रवासी संख्या लिहिलेली असते. माणसं मोजा. जास्त असतील तर पुढची बोट.

३. परवाना असलेलीच बोट. प्रवासी बोटींचं नियमन महाराष्ट्र सागरी मंडळ करतं.

४. घरच्यांना मेसेज: कोणती बोट, किती जण, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. वेळ ठरलेली असली की घरचेही निवांत राहतात.

५. स्थानिक तांडेल किंवा बोटवाले "आज नको" म्हणाले तर वाद घालायचा नाही. "दादा, जास्त पैसे देतो" हे तर अजिबात नाही.

कधी जायचंच नाही?

जून ते ऑगस्ट. मुंबई बंदराचं तोंड नैऋत्येकडे उघडं आहे आणि पावसाळी लाटा तिकडूनच येतात. म्हणून गेटवे-मांडव्याच्या लाँच या काळात बंद असतात. मोठी रो-रो हवामान बघून चालते. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. इतर महिन्यांत उधाण आणि जोराचा वारा एकाच दिवशी आले, तरी पुढे ढकला.

सव्वातीनशे किलोमीटर जाऊन सहल रद्द करणं जिवावर येतं, मला माहितीये. म्हणून निर्णय धक्क्यावर घ्यायचा नाही, देवपूरमध्येच घ्यायचा. तिकिटं काढायच्या आधी तिथी बघा, भरती बघा, आदल्या रात्री वारा बघा. आणि धक्क्यावर पोहोचूनही नाही जमलं, तर वसईचा किल्ला आहेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला हा किल्ला बघायला भरतीची वेळ लागत नाही.

आमच्या ग्रुपनं अष्टमीजवळचा रविवार धरलाय. तुमच्या ग्रुपची तारीख ठरली असेल, तर आत्ताच कॅलेंडर उघडा, तिथी बघा आणि पाऊणपट करा. पाणी किती वाजता वळणार, ते बोटीत बसायच्या आधी तुम्हाला माहीत असलं पाहिजे.